टेबलाच्या पलीकडचं मशीन

मी टेबलाला मशीनचा क्लॅम्प आवळत होतो, तेव्हा सुजाता हॉलच्या दारातच थांबली.

"सर, माधवी आज पण न्हाई?"

"नाही."

परभणीत मी टेबल टेनिसचा कोच होतो. सुजाता आणि माधवी एकमेकींशी खेळूनच तयार झालेल्या. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून गावातलं वातावरण तापलं, तसं माधवीच्या घरच्यांनी तिला पाठवणं बंद केलं. मी त्यांच्या घरी गेलो. वडिलांनी चहा दिला.

"सर, सुजाताबद्दल आमचं काही न्हाई," ते म्हणाले. "पण ती पोर बौद्धांची. लोक बघायलेत. जरा निवळू द्या."

हळूहळू बाकीची मुलंही येईनाशी झाली. सुजाताचे वडील रेल्वेत क्लार्क होते. ते तिला रोज सायकलवर आणून सोडत. कधी काही विचारत नसत.

विभागीय स्पर्धा तोंडावर आली होती. माझा उजवा खांदा दुखावलेला, त्यामुळे सलग चेंडू देणं मला जमेना. म्हणून स्टोअरमधला रोबो काढला.

रोबो म्हणजे चेंडू फेकणारं मशीन. टेबलाच्या टोकाला बसवायचं. चेंडू दोन फिरत्या रबरी चाकांमधून सुटतो. वरचं चाक जोरात फिरलं की चेंडू पुढच्या बाजूला गिरक्या घेत येतो, त्याला टॉपस्पिन म्हणतात. खालचं जोरात फिरलं की उलटा. चाकांवर धूळ बसली होती, चेंडू घसरायचे. ओल्या फडक्यानं पुसली. मग व्होल्टेजचा घोळ. संध्याकाळी गावात दिवे लागले की मोटर मंदावायची आणि चेंडू नेटमध्ये. वेग वाढवावा, तर मधेच व्होल्टेज चढून चेंडू सुजाताच्या छातीवर. शेवटी एका दुकानदाराकडून स्टॅबिलायझर मागून आणला.

मशीन सुरळीत झालं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मोटरची घरघर आणि चेंडूची टकटक, बाकी काही नाही. चेंडू नेटला घासून पलीकडे पडला, तर खेळाडू हात वर करून माफी मागतो. सुजाता मशीनलाही हात वर करायची.

"अगं, त्याला काय कळतंय?"

"सवय हाय सर."

एकदा घाम पुसत म्हणाली, "ह्याच्यासंगं खेळल्यावर बोलावं वाटतंय, पण काय बोलावं?"

स्पर्धेत पहिल्या दोन फेऱ्या तिनं सहज काढल्या. तिसऱ्या फेरीत समोरची मुलगी सर्व्हिस करताना शेवटच्या क्षणी मनगट फिरवून चेंडूची गिरकी बदलायची. सुजाता हरली.

"हाताकडं बघायचं ध्यानातच न्हाई राहिलं सर," ती म्हणाली. "मशीनला हात कुठंय?"

परतताना एसटी स्टँडवर तिच्या वडिलांनी पहिल्यांदाच मला काही विचारलं. "उद्या आणू का हिला?"

"आणा."

सकाळी मी रोबोतले चेंडू काढले, चाकं सैल केली, जुन्या चादरीत गुंडाळून तो आत ठेवला. आणि डाव्या हातात बॅट घेऊन समोर उभा राहिलो.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "सर, तुमी लय वाईट खेळता." बऱ्याच दिवसांनी ती हसली.

वातावरण निवळलं, पण माधवी परत आली नाही. तोवर तिचा खेळ सुटला होता.

पुढे बदलीच्या गावी कुणी रोबो मागितला, की मी आधी विचारायचो, दुसरा खेळाडू का नाही? बहुतेक वेळा उत्तर मशीनशी संबंधित नसायचं.