भागिले आठ

फोन आला तेव्हा मी लोधिवलीत खांबाला शिडी लावून वर चढलो होतो. खिशात थरथर झाली. म्हटलं, असेल कुणाची तरी तक्रार, वहिनी बघतील. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला. दादा होता. "शैला गेली रे... जेवायला बसली होती," एवढंच बोलला. मी "बरं" म्हणालो. बरं! मग हातातला केबलचा जोड पुरा केला, झाकण लावलं, खाली उतरून स्पीड तपासला. शहाण्णव आला. शहाण्णव भागिले आठ, बारा. मनातल्या मनात हिशेब झाला आणि मग मी गाडीला किक मारली. सहा आठवडे होत आले. लोक म्हणतात, तू रडला नाहीस. खरं आहे, नाही रडलो.

शैलावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. खालापुरात आमचं इंटरनेट जोडणीचं छोटंसं ऑफिस. खांबावर मी, खुर्चीत वहिनी. जीभ तिखट, पण खोटं एक अक्षर खपायचं नाही. सुरुवातीच्या दिवसांत पळसदरीचे एक निवृत्त मास्तर तणतणत आले होते. "शंभर सांगितलंत आणि कॉम्प्युटरवर बारा दिसतायत! गवळीसुद्धा एवढं पाणी घालत नाही!" वहिनींनी शांतपणे चष्मा काढला. "मास्तर, एका पायलीत मापटी किती?" "आठ." "आम्ही विकतो मापट्यानं, तुमचा कॉम्प्युटर मोजतो पायलीनं. आता तुम्हीच भागा." जोडणी विकली जाते मेगाबिटमध्ये, फाइल उतरताना दिसते मेगाबाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट, एवढीच ती गोष्ट. मास्तरांनी भागलं, साडेबारा आले, आणि निमूट चहा घेतला. पण वहिनींच्या मनाला ते लागलं. "मापात पाप नको, भावजी. आधीच सांगायचं." तेव्हापासून नव्या जोडणीला त्या माझ्या गाडीवर मागे बसून स्वतः यायच्या आणि वायफायच्या डब्याखाली भिंतीवर पेन्सिलीनं दोन्ही आकडे लिहायच्या. शंभर, साडेबारा. रंग नवा आहे म्हणून कुणी कुरकुर केली तर म्हणायच्या, "भिंत पुसता येते हो, भांडण पुसता येत नाही."

आणि त्याच ऑफिसात मी माती खाल्ली. हिरा नावाची ठाकूरवाडीतली मुलगी, कॉलेज संपवलेली. वाडीतल्या बायका रानभाज्या कशा ओळखतात यावर तिनं स्वतः फिल्म केली होती. ती पाठवली की पुण्याला प्रशिक्षणाची संधी होती, मुदत त्याच दिवशी पाच वाजेपर्यंत. वाडीत तेव्हा केबल नव्हती म्हणून ती आमच्याकडे आली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती, वहिनी बाहेर गेल्या होत्या. फाइल सहा हजार मेगाबाइटची, आमचा वर चढवायचा वेग वीस मेगाबिट. मी ऐटीत भागलं. तीनशे सेकंद. "पाच मिनिटांचं काम गं! बस, आधी चहा घे." विसाला आधी आठनं भागायचं राहिलं. मी, ज्यानं शेकडो भिंतींवर ते आकडे बघितले होते! गप्पा मारत पावणेपाचला पाच कमी असताना फाइल सुरू केली. लागणार होती चाळीस मिनिटं. पाच वाजता निम्मी गेली होती, आणि समोरचं पान बंद झालं.

तेवढ्यात वहिनी आल्या. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हिराचे डोळे भरले होते. "पाच मिन्टांत हुईल म्हनले व्हते," ती म्हणाली. वहिनी म्हणाल्या, "माझी चूक झाली गं बाळा. मीच यांना पाच मिनिटं सांगून गेले होते." आणि मी गप्प बसलो. त्यांनी पुण्याला चार-पाचदा फोन केले, उपयोग झाला नाही. हिराचं एक अख्खं वर्ष गेलं, ते माझ्यामुळे. पुढच्या वर्षी तिची निवड झाली, पण वहिनींनी तो विषय माझ्यापाशी कधी काढला नाही. मला रोज वाटायचं, आज बोलू, उद्या बोलू... आणि आता वहिनींपाशी बोलायचं राहूनच गेलं. लाज वाटते.

गेल्या आठवड्यात ठाकूरवाडीत पहिली जोडणी दिली, हिराच्याच घरी. डबा ठोकला. वहिनींची पेन्सिल खिशात होती, मागचं टोक दातांनी चावलेलं. पन्नास, सव्वासहा असं लिहिलं. मग भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणालो, "हिरा, त्या दिवशी चूक वहिनींची नव्हती. माझी होती."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "ताई भागायला कवा चुकल्यात व्हय? मी तवाच बोलले त्यांना. त्या म्हनल्या, गप ऱ्हा, त्याचं तो सांगंल एक दिवस."

एवढी खात्री! मला काय सुचलं कोण जाणे, अंगणात येऊन मी फोन काढला. सांगितलं बघा वहिनी, एवढंच सांगायचं होतं. 'ऑफिस वहिनी' या नावावर बोट दाबलं. ऑफिसचा तो फोन वहिनी गेल्यापासून मीच सांभाळतोय... तो माझ्याच दुसऱ्या खिशात वाजायला लागला.