मी सपाट केलेलं बेसबॉलचं मैदान

दहावीशी माझं कधी जमलं नाही. बायको कॉम्प्युटरवाली, तिच्या व्हिसाला लोंबकळत मी ऑस्ट्रेलियात, वेरिबीला आलो. एकाच विषयात मी स्वतःला मास्टर समजायचो, तो म्हणजे क्रिकेटचं पिच. गावाकडं पिच मीच करायचो. बॉल वेडावाकडा उडाला की शिव्याही मलाच.

पोरीनं मात्र बेसबॉल धरला. मारल्यावर बॅट टाकून पळायचं असतं म्हणे. मग घरून बॅट आणायची कशाला? मी विचारणं सोडून दिलं.

त्या शनिवारी ती पहिल्यांदाच पिचर होती, म्हणजे बॉल टाकणारी. क्लबची कामं इथं आईबापच वाटून घेतात, आणि सकाळी मैदान आवरायची पाळी माझी. लवकर गेलो. बघतो तर ऐन मधोमध मातीचं हे एवढं टेंगूळ! म्हटलं, अडखळून पोरीचे दात पडतील. फावडं घेतलं, माती ढकलगाडीनं कुंपणापाशी नेऊन टाकली, पाणी मारलं, रोलर फिरवला. असं सपाट केलं की वर कॅरम खेळावा.

क्लबचा म्हातारा सेक्रेटरी कॉफी घेऊन आला आणि जागीच थांबला.

"मेट, इथला उंचवटा कुठंय?"

"काढला. नो वरीज!"

तो बाकावर बसला. मग जे बोलला त्यातलं अर्धं मला कळलं. पूर्वी बेसबॉलवाल्यांना इथं स्वतःचं मैदानच नव्हतं. हिवाळ्यात क्रिकेटच्या मैदानावर खेळायचे, आणि क्रिकेटवाले मध्ये ढिगारा ठेवू द्यायचे नाहीत. शेवटी कौन्सिलनं ही जागा दिली, तेव्हा ह्याच्या बापानं आणि मंडळींनी सगळ्यात आधी माती आणून तो उंचवटा रचला. बॉल त्याच्यावरूनच टाकतात.

"म्हणजे माझ्यासारख्यांच्या तावडीतून सुटायला हे मैदान केलं?"

"बरोबर, मेट."

आणि उंचवटा वेळेत उभा नाही राहिला, तर न खेळताच मॅच समोरच्यांना.

तेवढ्यात पोरगी आली. "बाबा! व्हॉट डिड यू डू?"

"अगं, तुझा पाय मुरगळू नये म्हणून..."

"आय स्टँड ऑन दॅट!" तिचे डोळे भरले. मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं, पण जमीन मीच घट्ट दाबून ठेवलेली.

मग दोन्हीकडचे आईबाप माती वाहायला लागले. आमची ही चांगल्या सँडल घालून बादली उचलत होती. "घरात एक खिळा ठोकत नाहीस, आणि इथं डोंगर हलवलास!"

उंचवटा झाला, जरा डावीकडं कललेला. अंपायरनं त्याच्याभोवती फेरी मारली, बुटानं दाबून बघितलं, आणि खेळा म्हणाला.

पोरीनं बॉल टाकला. समोरचीनं असा हाणला की कुंपणापार! सिक्सर बघायच्या सवयीनं मी उठून टाळ्या पिटायला लागलो.

"खाली बस," बायकोनं शर्ट ओढला. "आपली पोरगी धुतली जातेय."

पोरगी उंचवट्यावरून माझ्याकडं बघत होती. हसत होती की चिडलेली, काही कळेना. तिनं पाय आपटून ओली माती बसवली आणि दुसरा बॉल मागितला. मी टाळीचे हात तसेच धरून उभा.