खोकल्याची रजा

नानांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते दिवाणावर पालथे पडून डोकं खाली सोडून होते. दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीत आम्ही समोरासमोर राहायचो. मी कढीलिंब मागायला गेले होते. "कढीलिंब फ्रिजमध्ये आहे. पण आधी पाठ थोपट," ते खालूनच म्हणाले.

मंत्रालयातून निवृत्त झालेले नाना एकटेच होते. त्यांच्या फुप्फुसांतल्या नळ्या सैल पडून कफ साचायचा. पाठ थोपटायचं काम त्यांच्या पत्नी, काकू, करायच्या. त्या गेल्या होत्या. मग ते माझ्याकडे आलं. "तळवा ओंजळीसारखा वाकव. चापट नकोय, ढोल हवाय," असं शिकवत.

"प्रत्येकाच्या नळ्यांत आतून पाण्याचा पातळ थर असतो. त्यात बारीक केसांचे झाडू कफ वर ढकलतात. पाणी आटलं की कफ चिकट, झाडू ठप्प. माझे झाडू केव्हाच रिटायर झाले. ड्यूटीवर आहे तो फक्त खोकला."

पण लिफ्टमध्ये ते खोकले की लोक तोंड फिरवत. नानांनी लिफ्टच सोडली. दर दिवाळीनंतर धुरामुळे खिडक्यांना टेप लागे, आणि महिनोन्‌महिने ते काचेशी उभे राहून खाली बघत. मला ते बघवायचं नाही.

जानेवारीत मराठी मंडळाचा तिळगूळ समारंभ होता. सूत्रसंचालन वर्षानुवर्षं नानांचं. "खोकला दाबणारी बाटली आण," ते म्हणाले.

"नाना, तोच तर ड्यूटीवर आहे ना?"

"एक दिवस रजा देऊ यार. मला माणसांत बसायचंय."

मी आणली. नाना दीड तास बोलले, एकदाही खोकले नाहीत. लोक हसत होते, मला अभिमान वाटत होता. दुसऱ्या दिवसापासून मंडळी घरी भेटायला येऊ लागली, आणि नानांनी मला न सांगता खोकल्याची रजा वाढवली.

चौथ्या दिवशी ताप चढला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "खाँस क्यों नहीं रहे थे?" नानांनी माझ्याकडे पाहिलं. "थक गया था," ते म्हणाले. आठवड्यात ते गेले.

त्यांची मुलगी पुण्याहून यायच्या आत मी घर आवरलं. तिने माझे दोन्ही तळवे हातात घेतले. "या हातांनी बाबांना दोन वर्षं जगवलं," ती म्हणाली आणि रडू लागली. सांगून टाकावं असं फार वाटलं. सांगितलं नाही. अर्धी बाटली माझ्या पर्समध्ये होती.