डावीकडून येणारं हसू

वेल्हे ते पासली या रस्त्यावर गोरख रेणुसेची जीप वीस वर्षं चालली. स्टेअरिंगवर असला की हा माणूस मुका. पण गाडी उभी राहिली आणि हातात चहा आला, की तोंडाला खळ नसे. बोलणं कुठूनही सुरू होवो, पावसावरून, भातावरून, कुणाच्या लग्नावरून, शेवटी गाडी यायची ती भोरच्या एसटी स्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानापाशी. विशीत असताना गोरख त्या दुकानात कामाला होता. सकाळी शटर वर करायचं, यंत्रांच्या काचा पुसायच्या, अडकलेली बटणं मोकळी करायची. आणि गिऱ्हाईक नसलं की स्वतः खेळायचं.

खेळायचा तो एकच खेळ. त्याचं इंग्रजी नाव कुणी नीट वाचलं नव्हतं. पोरं त्याला 'खदखद बंगला' म्हणायची. एक ढेरपोट्या पोस्टमन टपाल द्यायला भुताच्या बंगल्यात शिरतो आणि आत अडकतो. हत्यार म्हणून त्याच्याकडे फक्त टपालाची पिशवी. भुतंही अशी की घाबरावं की हसावं कळू नये. एका सांगाड्याचा पाय स्वतःच्याच पायात अडकायचा. कपाटातून निघणाऱ्या नवरीची कवळी जमिनीवर पडायची आणि ती चाचपत बसायची. एक भूत काखेत भलंमोठं बाड घेऊन फिरायचं, त्याचं नाव पोरांनी 'तलाठी' ठेवलं होतं. पण हसता हसता गळा धरणारी ही भुतं. तेवढा एक नेम मात्र ती पाळायची: भूत आधी खदखदून हसणार, मगच अंगावर येणार. हसू ऐकलं की वळायचं आणि पिशवी हाणायची. गोरख एका दमात बंगल्याच्या गच्चीपर्यंत जायचा. त्याच्यामागे बघ्यांची रांग लागायची.

दुकान कधीच बंद पडलं. गोरखनं लग्न केलं, जीप घेतली, वेल्ह्यात घर बांधलं. मुलगी शिवानी शिकली आणि गंमत अशी की पुण्यात एका कंपनीत खेळ तपासायच्याच नोकरीला लागली. नवा खेळ बाजारात जाण्याआधी तो खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. "बापाचं रगात हाय," असं गोरख चारचौघांत सांगायचा.

यंदाच्या दिवाळीला शिवानी घरी आली ती एक खोकं घेऊनच.

"पप्पा, ओळखा बघू काय आहे."

तिनं ते टीव्हीला जोडलं, आणि पडद्यावर बंगला उभा राहिला. तोच जिना, तीच तिरकी खिडकी, तोच ढेरपोट्या. जुने खेळ नव्यानं काढायची हल्ली रीत पडली होती. रंग तेवढे उजळले होते आणि मागे नेऊन पुन्हा बघायची सोय केली होती. बाकी बंगल्याची वीटही हलवलेली नव्हती. गोरखच्या डोळ्यांत पाणीच आलं. बायकोला हाक मारून म्हणाला, "मंगल, ये गं! म्या सांगायचो न्हवं, ती नवरी बघ आता!"

दुपारची वेळ होती. मंगल चकल्यांचा डबा घेऊन येऊन बसली. गोरख खेळायला लागला आणि पहिल्याच खोलीत मेला.

हसला. बोटं जड झाली म्हणाला. पुन्हा मेला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मग त्याचा चेहरा बदलत गेला.

"ह्यात कायतरी बिघाड हाय, शिवा. हसू ऐकू येतंय, भूत दिसत न्हाई. आवाज तेवढा ठेवलाय आन भूत काढून टाकलंय."

"असं कसं होईल? आमच्याकडे असा खेळ आला असता तर आम्ही परत पाठवला असता."

"मंग हे बघ की!" त्यानं पुन्हा सुरुवात केली. खोलीत खदखदून हसू उठलं. गोरख पडद्याकडे डोळे फाडून बघत राहिला, पोस्टमन मधोमध उभा. हसू वाढलं, आणि पोस्टमन आडवा झाला. "बघितलंस? कुठनं आलं? हवेतनं?"

मंगलचा हात चकलीवरच थांबला होता. तिनं शिवानीकडे पाहिलं.  शिवानीनं खेळ मागे नेला आणि संथ चालवला. डावीकडच्या दारातून नवरी आली. कवळी सावरून हसली. पुरती पाच-सहा पावलं चालली. मग थांबून, मान वाकडी करून पुन्हा हसली आणि तिनं पोस्टमनची मानगूट धरली.

आता मात्र गोरखनं नजर त्या दाराकडेच लावली होती, म्हणून त्याला ती दिसली. अगदी स्वच्छ दिसली.

"ही... ही मघाशी न्हवती."

"होती, पप्पा. तुम्ही तिच्या बाजूला वळलासुद्धा नाहीत."

शिवानीनं आधीचे सगळे डाव एकेक करून मागे नेऊन पाहिले. तिच्या नोकरीतलंच काम ते. उजवीकडून आलेलं प्रत्येक भूत गोरखनं अचूक हाणलं होतं. मरण आलं ते दर वेळी डावीकडून. तिनं टीव्ही बंद केला आणि ती बापासमोर मांडी घालून बसली.

"माझ्या नाकाकडं बघा. मान हलवायची नाही. माझा हात दिसला की सांगा."

त्याच्या उजवीकडून आणलेला हात त्यानं लगेच सांगितला. मग तिनं दुसरा हात त्याच्या डावीकडून हळूहळू पुढे आणायला सुरुवात केली. बोटं हलवत आणली. खांद्यापर्यंत आली, कानापर्यंत आली. गोरख नाकाकडे बघत, आज्ञाधारक पोरासारखा वाट बघत बसला होता.

"आण की हात," तो म्हणाला.

शिवानीची बोटं तिच्या गालाला टेकली होती.

मंगल उठून आत गेली. गेले तीन महिने नवऱ्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटत होता. डाव्या अंगाला ठेवलेला कप रोज लवंडत होता, आणि ती रोज म्हणत होती, लक्ष कुठंय तुमचं? श्रावणात एक दिवस त्याचं डोकं असं काही दुखलं होतं की ओकारी होऊन तो दिवसभर पडून राहिला होता. गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी गाडीवर गेला. पित्त म्हणून दोघांनीही सोडून दिलं होतं.

शिवानीनं जीपची चावी खुंटीवरून काढून आपल्या पिशवीत टाकली.  गोरख अंगणात गेला, जीपच्या डाव्या बाजूला उभं राहून आरशाकडे बघू लागला. आरसा नवा होता. भादव्यात बसवला होता.

भादव्यातली ती सकाळ आता त्याच्यापुढे उभी राहिली. पासलीला माणसं सोडून रिकामी गाडी घेऊन तो खाली येत होता. पाऊस लागला होता. उतारावर डाव्या अंगाला काहीतरी खाडकन लागलं. रस्त्याच्या कडेची निरगुडी पावसात वाकून अंगावर येते, फांदीच लागली असणार. वेल्ह्यात आल्यावर पाहिलं तर आरसा फुटलेला. तेवढ्यात पासलीच्या भिमाचा फोन आला. "गोरखदादा, गाडी घिऊन या लवकर. आईला कुनीतरी उडवलंय."

भिमाची आई जाईबाई गवताचा भारा घेऊन उतारावरून निघाली होती. मागून आलेल्या गाडीनं तिला भाताच्या खाचरात फेकलं आणि गाडी थांबलीही नाही. खुबा मोडला. गोरखनंच तिला जीपमध्ये आडवी घालून दवाखान्यात नेलं. वाटेत त्या पळपुट्या डायव्हरच्या सात पिढ्या उद्धारल्या. पावसाळी फिरायला येणाऱ्या पुण्याच्या गाड्यांवर सगळ्यांचा संशय, आणि सगळ्यांत मोठा आवाज गोरखचा. खिंडीखालच्या चहावाल्याला जाऊन त्यानं विचारलंसुद्धा होतं, सकाळी कुठली गाडी खाली गेली? चहावाला म्हणाला, "तुझ्याबिगर एक न्हाई." गोरख हसला होता. "झोपला आसशील," म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी शिवानी त्याला एसटीनं पुण्याला घेऊन गेली. डोक्याचे फोटो काढले, तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, "डोळे चांगले आहेत. डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूत ज्या जागी उमगतं, तिथली उजवी बाजू गेली आहे. रक्ताची गुठळी अडकली होती, साधारण तीन महिन्यांपूर्वी. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसत नाही."

"मंग मला कळलं कसं न्हाई? काळोख तरी दिसाया पायजे."

"काळोख नाही दिसत. काहीच दिसत नाही. तुमच्या पाठीमागं आत्ता काय दिसतंय? काळोख?"

गोरखनं विचार केला. पाठीमागं काहीच नव्हतं. काळोखसुद्धा नव्हता.

गेलेलं परत यायची आशा थोडी, पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या जन्मभर, आणि गाडी बंद. एवढं ऐकून ते परतले.

शिवानीची रजा संपली, ती गेली. त्यानंतर तीन दिवस गोरख ओट्यावर बसून होता. चौथ्या दिवशी जेवताना तो मंगलला म्हणाला, "जाईकाकीला म्याच उडवली."

मंगलनं भाकरी मोडायची थांबवली. "कुनी बघितलं का?"

"न्हाई."

"काकीनं?"

"तिला मागनं लागलं. तिनं काय बघितलं आसंल?"

"मंग कशाला उकरायचं? मुद्दाम केलं का तुमी? आजार हुता त्यो. पोरीचं लगीन व्हायचंय अजून." तिनं ताट बाजूला सारलं. "आवो, तिला दवाखान्यात कुनी न्हेली? तुमीच ना? फिटलं की!"

"म्या वाटंत त्या डायव्हरला आईवरनं शिव्या दिल्या, मंगल. काकी म्हनत हुती, जाऊ दे, आसंल कुनी आडानी. आन म्या म्हनलो, आसल्याचे हात तोडाय पायजेत."

 सकाळी मंगलनं त्याला डबा बांधून दिला.

एसटीतून पासलीला उतरून तो जाईबाईच्या घरी गेला. भाताची कापणी सुरू होती, घरात ती एकटीच होती, वॉकर पुढ्यात घेऊन उंबऱ्यापाशी बसलेली. गोरखला बघून तिला बरं वाटलं. "ये रे. गाडी कुठंय तुझी?"

"काकी, गाडी बंद केली." आणि उभ्याउभ्याच त्यानं सगळं सांगितलं. श्रावणातलं डोकं, डावी बाजू, निरगुडीची फांदी, आरसा. बंगल्याचं मात्र नाही सांगितलं. ते सांगायची लाज वाटली.

जाईबाई ऐकत राहिली. मध्येच तिनं वॉकर उगाच थोडा बाजूला सरकवला.

"म्या खाचरात पडले तवा तोंडात चिखल गेला हुता," ती अखेरीस म्हणाली. "वराडता यीना. गाडीचा आवाज लांब जाताना ऐकला. त्यो आवाज अजून कानात हाय माझ्या. मला वाटायचं, त्यानं मागं वळून बघितलं आसंल आन तसाच गेला आसंल. रोज त्याला शिव्या घालत उठते म्या. तू म्हंतोस, तू बघितलंच न्हाईस?"

"न्हाई, काकी."

"मंग आता म्या कुनावर रागवू?"

 गोरख तिच्यासमोर जमिनीवर बसला.

भिमा शेतातून आला तेव्हा दोघं तशीच बसलेली. आईकडून ऐकलं तसा त्याचा चेहरा दगडासारखा झाला. आजवर गोरखला त्यानं कधी एकेरी हाक मारली नव्हती.

"ऊठ," तो म्हणाला. "चल ठाण्यात."

"म्या तेवढ्यासाठीच आलोय, भिमा."

भिमानं त्याला मोटारसायकलवर मागे बसवलं. उतारावरून जाताना त्या खाचरापाशी त्यानं गाडी जरा हळू केली. ठाण्यात हवालदारानं दोनदा विचारलं, तक्रार कुणाची, कुणावर? गोरखनं जबाब लिहून दिला आणि लायसन टेबलावर ठेवलं. गुन्हा नोंद झाला, केस उभी राहिली. भिमा अजून त्याच्याशी बोलत नाही. जाईबाई बोलते. तिचा राग गेलाय की कसं, हे गोरखला ठाऊक नाही, आणि विचारायचं धाडस त्याला होत नाही.

जीप विकली. दुपारी तो टीव्हीपुढं बसून बंगल्यात शिरतो. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय, मान वळवून डावीकडं बघायची सवय लावा, कशानंही लावा. हसू उठलं की तो मान फिरवतो. कधी वेळेवर फिरते, कधी नाही. पूर्वी या खेळात त्याला हसायला यायचं. आता तो घामाघूम होतो.

पण सकाळी तो घरात नसतो. एके रात्री झोप लागेना तेव्हा त्याच्या मनात आजवर हिशेबात न धरलेली एक गोष्ट आली होती. श्रावण ते दिवाळी. तीन महिने. रोज चार फेऱ्या. आरसा एकदाच फुटला म्हणून कळलं, एरवी? तेव्हापासून तो काठी घेऊन वेल्ह्यापासून पासलीपर्यंतच्या एकेका वाडीत चालत जातो, गाड्या दिसत्या अंगाला राहाव्यात म्हणून रस्त्याच्या डाव्या कडेनं, आणि प्रत्येक दारात उभा राहून विचारतो, "श्रावणापासनं दिवाळीपत्तुर हितं गाडीनं कुनाला धक्का दिला का? मानसाला, जनावराला?"

लोक आधी हसायचे. मग सांगायला लागले. एकीचं करडू गेलं होतं. एकाचा कुत्रा लंगडत होता. एका म्हाताऱ्याची सायकल कडेला पडली होती, त्याला वाटलं होतं वाऱ्यानंच. खिंडीखालच्या वाडीत चंद्राबाई नावाच्या बाईनं काहीच सांगितलं नाही. तिनं त्याला नीट निरखलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. गोरख अर्धा तास तिथं उभा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तर दाराला कुलूप.

तो उद्या परत जाणार आहे.