ताईचा चेलो

चष्मेवाल्याला वाढवलं ते त्याच्या ताईनं. आईवडील लवकर गेले, तेव्हा ती जेमतेम विशीतली पोर, रेकॉर्डिंगच्या वाद्यवृंदात चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य, वाजवायची. स्वतःएवढं ते धूड पाठीला मारून बसनं जायची. त्या कमाईवर धाकट्याचं खाणंपिणं, शाळा, पुढे भिंगं घासायचं शिक्षण, सगळं निभावलं. रेकॉर्डवर तिचं नाव कधी छापलं गेलं नाही. पण एका तबकडीच्या सुरुवातीला एकटा चेलो गातो, तो ऐकवून भाऊ येईल त्याला सांगायचा, "ही आमची ताई!"

दुकान मुलीकडे सोपवल्यावर त्यानं हौसेनं चांगला रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि तिथंच माशी शिंकली. तबकडी लावली की स्पीकरमधून सतत जाडसर घरघर. वायरी बदलल्या, टेबल हलवलं, अर्थिंग तपासून घेतलं. घरघर हटेना.

"अहो, गाणं ऐकताय की गिरणी चालवताय?" बायको विचारायची.

एका सकाळी तबकडी चालू असताना तिचाच झाडू वायरीत अडकला आणि भिंतीतला अ‍ॅडॅप्टर निसटला. तो प्रीअँपचा होता. प्रीअँप म्हणजे सुईकडून येणारा इवलासा आवाज मोठा करणारी डबी. डबीत उरलेल्या विजेवर गाणं क्षणभर चालू राहिलं, आणि घरघर एकदम गायब! मग सगळंच गप्प झालं.

"लाव, लाव! नको, थांब, लावू नकोस!" चष्मेवाला ओरडला.

"आधी काय ते ठरवा." बायकोनं झाडू टेकवला. "या डबीला भिंतीतली वीज मानवत नाही, एवढंच ना? मग बॅटरी द्या तिला."

त्यानं कपाळावर हात मारला. डबीला चालेल अशी बॅटरी आणली, मध्ये फ्यूज घातला. सुई टेकवली, तर सुरांच्या मागे नुसती शांतता. "तुझ्या झाडूचे उपकार," तो बायकोला म्हणाला, आणि ते त्यानं थट्टेत म्हटलं नव्हतं.

मग ताईला बोलावलं. तिची बोटं आता आखडली होती, कान मात्र तिखट. त्याच तबकडीवरचा चेलो सुरू झाला तसा भाऊ कौतुकानं म्हणाला, "तू!"

"मी कुठली? हे आमचे मोठे वादक. मी त्यांच्या मागे बसायची."

त्याचा चेहरा पडला. "मग तू कुठे आहेस?"

"खाली ऐक."

त्यानं सुई मागे नेली. सुरावटीच्या तळाशी एक खर्जातला सूर लांबवर धरलेला होता. इतके दिवस घरघरीनं तोच गिळला होता.

"एकच सूर?"

"एकच! माझ्या कागदावर तेवढाच होता." ताई खळखळून हसली. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी तुला ताप होता. शेजारणीच्या भरवशावर तुला टाकून गेले होते. सगळा जीव तुझ्यापाशी, पण गज थरथरू दिला नाही."

चष्मेवाल्याला खूप बोलायचं होतं. "ताई, तू होतीस म्हणून..." एवढंच जमलं.

"कळलं रे," ताई म्हणाली. "लाव पुन्हा."

बायकोनं तिची खुर्ची स्पीकरजवळ सरकवली. भाऊ शेजारी बसला आणि ताईची आखडलेली बोटं हातात घेऊन तबकडी संपेपर्यंत चोळत राहिला.