पोस्टरवरचं झुरिक

डॉक्टरेट कुठे करायची हे यॉ न्सोआ ठरवत होता, त्या काळात त्याचं पोट सुटलं, ठरलेलं लग्न मोडलं आणि निम्मं कुमासी शहर त्याला डॉक्टर म्हणायला लागलं. डॉक्टरेट तेवढी झाली नाही.

आम्ही दोघं विद्यापीठाच्या गणित विभागात शिकवायचो, एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली. विषयही एकच, वित्ताचं गणित. बाजारातल्या जोखमीला किंमत कशी लावायची, ते. यॉ हुशार होता, नाही म्हणत नाही. पण ती सगळी हुशारी त्याने कुठे जायचं नाही हे सिद्ध करण्यात घालवली. झुरिकचा होकार आला, तर म्हणे पॅरिसचं कळू दे. पॅरिसचा आला, तर म्हणे तिथे भाषेची कटकट. टोरोंटोला मावसभाऊ होता, म्हणून टोरोंटो नको. तो घरी ठेवून घेईल आणि भांडी घासायला लावेल. कुठे थंडी किती, खोलीला भाडं किती, विमान कुठे बदलायचं, सगळं तोंडपाठ. तिथे तुला शिकवणार कोण, असं विचारलं की गडी खिडकीबाहेर बघायचा.

"अगं सेर्वा, हक्क हातात आला म्हणून लगेच वापरायचा नसतो," हे त्याचं ठरलेलं. "वाट पाहण्यालाही किंमत असते. आपलंच गणित आहे ना हे?"

"हक्काला मुदत असते, हेही आपलंच गणित आहे."

"तू ना, जन्मभर पेपरच तपासत बसणार."

एकेका ठिकाणची मुदत टळत गेली आणि याची चंगळ मात्र चालूच राहिली. कोपऱ्यावरच्या खाणावळीत आंटी पोकुआ "आधी डॉक्टरांना" म्हणून फुफूचा, कुटलेल्या कंदाचा, मोठा गोळा त्याच्या वाडग्यात टाकायची, वर रश्श्यातला बकरीचा चांगला तुकडा. मी मागे ताटकळत. चर्चमध्ये दोनदा त्याला निरोप दिला गेला. पास्टरने डोक्यावर हात ठेवून, घाम गाळून त्याला परदेशी धाडलं. सोमवारी हा पुन्हा माझ्या समोरच्या खुर्चीत, केळ्याचे काप खात.

शेवटी एकच जागा उरली, तीही आमच्याच विभागात. प्रोफेसर ट्वेनेबोआ निवृत्तीला आले होते आणि त्यांना शेवटचा एक विद्यार्थी घ्यायचा होता. एक दिवस ते आमच्या खोलीत आले, बसलेही नाहीत.

"यॉ, कोकोचा भाव सरकार हंगामाआधी बांधून देतं. बाहेर बाजार वरखाली होत राहतो. मग ती जोखीम नक्की कोणाच्या गळ्यात पडते आणि तिची किंमत किती? मला हे सुटलेलं नाही. करतोस माझ्याबरोबर? सत्र संपायच्या आत सांग. नंतर मी घरी बसणार."

माझ्या अंगावर काटा आला. इतका साधा प्रश्न, आणि आमच्या दारातला. यॉ म्हणाला, "विचार करतो, सर."

सर गेले आणि तो हसला. "कोको! आजोबांनी जन्मभर कोकोच्या शेंगा फोडल्या, आता मी कागदावर फोडू? तेही कुमासीत बसून?"

मला त्याची किळस आली. खोटं कशाला बोलू?

त्याच महिन्यात त्याची आई गेली. आमच्याकडे माणूस गेलं की आधी पोस्टर. मयताचा मोठा फोटो, खाली मुलांची नावं आणि नावापुढे ज्याचं त्याचं गाव. मी मदतीला म्हणून घरी गेले होते. छपाईवाला फोनवर थांबलेला आणि यॉचे मामा मजकूर सांगत होते. थोरली लंडन, धाकटा हॅम्बुर्ग. यॉच्या नावापाशी मामा अडले.

"तुझं काय लिहू रे? कुमासी? सगळ्यात हुशार पोरगा, आणि कुमासी? माझ्या बहिणीला मेल्यावर खाली मान घालायला लावतोस?"

यॉने एकदा माझ्याकडे पाहिलं. "झुरिक टाका, मामा."

"आणि डॉक्टर?"

"टाका."

इतकी वर्षं न झालेला निर्णय असा छपाईवाल्याच्या फोनवर झाला. मामांनी शहरभर पोस्टरं चिकटवली. एक आमच्या विभागाच्या फाटकावरही लागलं. सरांनी मला थांबवून विचारलं, "हा झुरिकला गेला कधी?"

"जातोय कुठला, सर! काल माझ्या समोर बसून कणीस खात होता."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ते निघून गेले.

शनिवारी अंत्यसंस्काराला सगळे शोकाच्या लाल-काळ्या कपड्यांत. घरची माणसं रांगेत बसलेली, येणाऱ्याने एकेकाच्या हातात हात देत पुढे जायचं. सर माझ्या पुढे होते. यॉपाशी ते थांबले आणि त्याचा हात त्यांनी सोडला नाही.

"आईचं वाईट झालं," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "माझी जागा अजून आहे. आज सांग. झुरिक, की मी?"

शेजारी मामा कान देऊन बसले होते. यॉने फक्त "तुम्ही, सर" एवढंच म्हणायचं होतं.

"झुरिक, सर. मंगळवारी निघतोय."

"सुखरूप जा," सर म्हणाले आणि पुढे सरकले. मग त्याचा घामेजलेला हात माझ्या हातात आला. मी तो लगेच सोडला.

आता कुमासीत तोंड दाखवणं म्हणजे आईचं पोस्टर खोटं पाडणं. मंगळवारी त्याने खरोखरच बॅग उचलली आणि बस धरून जवळच्या सुन्यानी शहरात गेला, तिथल्या एका शाळेत गणित शिकवायला. त्याच दिवशी मी सरांच्या दारात जाऊन उभी राहिले. आपण होऊन जागा मागायला मला लाज वाटली नाही.

कोकोच्या त्या प्रश्नाने मला पुरतं पिळून काढलं, पण यंदा माझं काम पुरं झालं. आंटी पोकुआच्या भिंतीवर ते पोस्टर अजून आहे, उन्हाने विटलेलं. माझ्या वाडग्यात नेहमीचा लहान गोळा टाकत ती म्हणाली, "पदवी मिळाली म्हणे तुला? बरं झालं हो. आता तूही एकदा आमच्या डॉक्टरांसारखी बाहेर जाऊन ये."

गेल्या महिन्यात परीक्षेच्या कामाला सुन्यानीला गेले आणि त्याच्या शाळेतही डोकावले. तो वर्गातून बाहेर आला, हात खडूने पांढरे. "सुटीवर आलोय," तो म्हणाला. मला म्हणाला, मला! मी त्याच्या तोंडावर हसले. वर सांगितलं, "सरांकडचं माझं झालं. पूर्ण."

आणखी काही थाप मारेल, असं मला वाटलं. तो हातावरचा खडू चोळायला लागला.

"मग कोणाच्या गळ्यात पडते गं ती जोखीम?" त्याने विचारलं. "आणि किंमत किती निघाली?"

सरांचा प्रश्न त्याला शब्दन् शब्द आठवत होता. मी सांगायला लागले. आतून पोरं "डॉक्टर, डॉक्टर" म्हणून हाका मारत होती, आणि तो काही वळेना.