बद्द वाजणारा बोल्ट

माझ्या आत्याने चाळीस वर्षं वाद्यांच्या दुकानात पियानो सुरात लावले. निवृत्त झाली आणि घरच्यांची झोप उडाली. दार करकरलं की तेल घाल, नळ ठिबकला की पाना घे. शेवटी आतोबा वैतागले. म्हणाले, आता ही माझं घोरणंही सुरात लावेल, त्याआधी हिला कुठेतरी गुंतवा.

गावाबाहेरच्या शेडमध्ये काही हौशी मंडळी वाफेचं एक जुनं इंजिन जपत होती. रविवारी त्याला तीन डबे जोडून लोकांना फिरवून आणत. आत्या तिथे जाऊ लागली. तिच्या वाट्याला पितळ घासायचं काम आलं. ते तिने इतकं मनावर घेतलं की इंजिनाची दुरुस्ती बघणाऱ्या मिस्त्रींना दाढीला वेगळा आरसा लागेना.

हंगामाआधी बॉयलरची तपासणी निघाली. भट्टीच्या दुहेरी भिंतींना शेकडो बोल्ट धरून ठेवतात. मिस्त्री आत शिरून एकेकावर हातोडी मारत होते. धड बोल्ट खणखणतो, तुटका बद्द वाजतो. बाहेर नळी पुसणाऱ्या आत्याने त्यांना थांबवलं आणि मागचा बोल्ट पुन्हा वाजवायला सांगितला.

"बाई, हा बॉयलर आहे, पियानो नाही," मिस्त्री म्हणाले.

"म्हणूनच सांगते. पियानो बिघडला तर कुणी भाजत नाही."

कुरकुरत का होईना, त्यांनी तो बोल्ट काढला. दोन तुकडे निघाले. ते हातात घेऊन मिस्त्री पायरीवर बसले. तीस वर्षं लोखंड ठोकून आपले कान गेलेत, हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ते आत्याला सांगितलं आणि हातोडी तिच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी त्रेसष्ट वर्षांची आत्या भट्टीच्या अरुंद दारातून आत जाताना कमरेशी अडकली. आत ढकलणारे हसत होते, तीही हसत होती. दोन दिवसांत तिने आणखी चार बोल्ट शोधले. ते बदलण्यात हंगाम तीन आठवडे लांबणीवर पडला, समितीवाल्यांनी तोंडं वाकडी केली, पण मिस्त्री ऐकेनात.

पहिल्या फेरीला त्यांनी तिला इंजिनात घेतलं. चढणीवर तिने फावड्याने कोळसा टाकला. नंतर दोन दिवस तिला हात वर करता येईना. मिस्त्रींना कळलं तर पुन्हा फावडं मिळायचं नाही, म्हणून तिने गुपचूप आतोबांकडून खांदे चोळून घेतले.